वरचा स्लॅब

आमच्या घरात सणासुदीला ‘स्लॅब’ हा शब्द उच्चारायला बंदी आहे. कायदा मीच केलेला. आम्ही राहतो कामोठ्याला, भाड्याने. स्वतःचा फ्लॅट घेतलाय कोनला, म्हणजे पनवेलच्या पुढे, एक्सप्रेसवेच्या कडेला. माहेरी ‘कोनला घर घेतलं’ म्हटलं की दर वेळी ‘कोणाला?’ असा प्रश्न येतो आणि दर वेळी मी चिडते. घेतलं तेव्हा इमारत जमिनीच्या वरही आलेली नव्हती. करारात लिहिलं होतं, जसजसे स्लॅब पडतील तसतसे पैसे भरायचे. प्रत्येक स्लॅबला एकूण किमतीच्या चार टक्के. पहिला स्लॅब झाला त्या संध्याकाळी नवऱ्याने माझ्या आईला फोनवर आनंदाने सांगितलं, “आई, आपल्या घराचा स्लॅब पडला!” आई तिकडे किंचाळली, “अरे देवा! कोणाला लागलं तर नाही ना?” मी फोन हिसकावून घेतला आणि म्हटलं, “लागलं. आम्हालाच. चार टक्के.” मग पुढची दहा मिनिटं तिला इमारत उभी असल्याची खात्री पटवण्यात गेली.

सांगायचा मुद्दा असा की स्लॅब म्हटलं की पैसे मागणारं पत्र, आणि टक्के म्हटलं की एकूण रकमेवरचे टक्के, हे माझ्या डोक्यात चांगलंच पक्कं बसलं होतं.

मी तळोज्याला एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करते. रसायनशास्त्रात एम. एस्सी. दहा लाख भागांत एक भाग भेसळ असली तरी मी शोधून काढते. हे गर्वाने सांगत नाही. पुढे जे घडलं त्यात या शिक्षणाचा कणभरही उपयोग झाला नाही, तेवढं आधीच नोंदवून ठेवते.

तर आमचे साहेब निवृत्त व्हायला आले. त्यांचं काम म्हणजे रंगाच्या प्रत्येक बॅचचे रिपोर्ट बघायचे आणि माल बाहेर जाईल की नाही ते ठरवून सही करायची. चौदा वर्षं रिपोर्ट मी करते, सही ते करतात. त्यांच्या जागी कंपनीने मला निवडलं. एचआरमधल्या मुलीने पत्र हातात दिलं. वर्षाला एक लाख सत्तर हजारांची वाढ. मी पत्राची घडी घालत होते, तोवर ती हसून म्हणाली, “अभिनंदन मॅडम! फक्त आता तुम्ही वरच्या स्लॅबमध्ये जाणार हं.”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. तिला काय, ती दिवसभरात दहा जणांना असं सांगत असेल. मी मात्र बसमध्ये बसल्यापासून कामोठ्याला उतरेपर्यंत त्या एका शब्दापाशी अडकून पडले होते.

याआधी कराचा विचार मी कधी केला नव्हता. पूर्वी ऑफिसचा अकाउंटंट काय ते कापायचा आणि मी सही करायचे. आता नव्या पद्धतीत तर माझ्या पगारावर काही कापलंच जात नव्हतं, आणि जे कापलं जात नाही त्याची चौकशी कोण करतं? त्या संध्याकाळी मात्र मी बिल्डरच्या शेवटच्या पत्राच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला. सध्याचा पगार वर्षाला बारा लाख साठ हजार. पगारदाराला पंचाहत्तर हजारांची सरसकट वजावट, ती जाऊन अकरा लाख पंच्याऐंशी हजार. बारा लाखांपर्यंत सूट मिळून कर शून्य. म्हणजे मी अगदी काठावर, पण कोरडी. बढतीनंतर पगार चौदा लाख तीस हजार, वजावट जाऊन तेरा लाख पंचावन्न हजार. मोबाइलवर तक्ता पाहिला. बारा ते सोळा लाख, पंधरा टक्के. तेरा लाख पंचावन्न हजारांचे पंधरा टक्के झाले दोन लाख तीन हजार दोनशे पन्नास.

वाढ एक लाख सत्तर हजारांची आणि कर दोन लाखांच्या वर! मी वजाबाकी तीनदा केली. प्रयोगशाळेतही तीनदाच करायची पद्धत आहे. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं, की साहेबांच्या खुर्चीत बसायचं तर वर्षाला तेहतीस हजार दोनशे पन्नास रुपये मी पदरचे घालायचे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच. मी कागद नवऱ्यापुढे टाकला.

नवरा सहकारी बँकेत काउंटरवर आहे. बँकेत आहे म्हणून अख्खी बिल्डिंग त्याला कराबद्दल विचारते. पोस्टात आहे म्हणून एखाद्याला प्रेमपत्र लिहून मागावं, तसं. त्याला येतो तो एकच फॉर्म, मुदत ठेवीच्या व्याजावर कर कापू नका म्हणून भरायचा. बाकी सगळ्याला तो ‘बघून सांगतो’ म्हणतो आणि बघत नाही. त्याने माझा कागद उलटा, सुलटा केला.

“वजाबाकी बरोबर आहे,” तो म्हणाला.

“वजाबाकी बरोबर आहे ते मलाही कळतं. एवढा कर बरोबर आहे का?”

“बघून सांगतो.”

मग मी चौथ्या मजल्यावरच्या काकांकडे गेले. काका मुंबईच्या वेशीवरच्या जकात नाक्यावरून निवृत्त झालेले. जकात जाऊन किती वर्षं लोटली, पण काकांनी नाक्यावरचा आडवा बांबू मनातून काही वर केलेला नाही. माझा प्रश्न त्यांनी डोळे मिटून ऐकला. “हे बघा वहिनी,” ते म्हणाले, “ट्रक नाक्याच्या आत आला की अख्ख्या मालावर जकात. पुढची चाकं आत, मागची बाहेर, असं म्हणून चालत नाही. बाराच्या वर एक रुपया गेलात की गाडी अडली!” इतकं साधं, इतकं ठाम उत्तर मला आठवडाभरात कुणी दिलं नव्हतं. काकूंनी दिलेला चहा पिऊन मी खाली आले.

शुक्रवारी दुपारी मी साहेबांना मेल केली. ‘वैयक्तिक कारणास्तव ही जबाबदारी स्वीकारण्यास असमर्थ आहे.’ कर परवडत नाही असं लिहायची लाज वाटली. थोड्या वेळाने साहेब माझ्या टेबलापाशी आले. नमुन्याच्या बाटल्यांकडे बघत म्हणाले, “विचार केलात ना पूर्ण?” मी म्हटलं, “हो सर.” ते परत केबिनमध्ये गेले.

मी नाही म्हटल्यावर ती खुर्ची कोणाला जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. प्रॉडक्शनमधला एक जण टपून बसला होता. त्याचं रंगाबद्दलचं मत ठरलेलं: “जाऊ द्या हो, भिंतीवर लागल्यावर काही दिसत नाही.” तो आला की माझे रिपोर्ट वड्याला गुंडाळायच्या लायकीचे राहणार, हेही मला कळत होतं. तरी खरं सांगायचं तर मेल गेल्यावर मला एकदम हलकं वाटलं. त्या रात्री झोप छान लागली. तेहतीस हजार वाचल्याचं समाधान असावं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

रविवारी आम्ही कोनला गेलो. आमचा फ्लॅट सातव्या मजल्यावर, आणि त्या दिवशी भरणार होता तो आमच्या डोक्यावरचा स्लॅब. नवऱ्याने पेढे घेतले होते. मी म्हटलं, पैसे आपण भरायचे आणि पेढेही आपणच वाटायचे, हा कुठला न्याय? तो म्हणाला, “अगं, आपलं छप्पर आहे.” छपराबद्दल मला बोलता येत नाही. भाड्याच्या घरात वर्षं काढलेल्या माणसाला ते येत नाही.

स्लॅब भरायचा ठेका गावातल्याच एका माणसाकडे आहे. इमारत उभी आहे ती जमीन एके काळी त्यांच्या घरची भातशेती होती. आता गळ्यात जाड साखळी, पायात सिमेंटने पांढरे झालेले बूट, आणि आवाज असा की आठव्या मजल्यावरून बोलला तर तळमजल्यावर फोन लागत नाही. सगळे त्याला दादा म्हणतात. त्याने नारळ फोडला, नवऱ्याने पेढे पुढे केले. आम्ही सातव्या मजल्यावर, आमच्याच भावी हॉलमध्ये उभे होतो. हॉलभर लोखंडी टेकू लावलेले, त्यावर फळ्या, त्यावर ओलं काँक्रीट पडायला सुरुवात झालेली.

नवऱ्याला पोटात काही ठेवता येत नाही. बँकेतली गुपितं सोडून तो सगळं सांगतो. “दादा,” तो म्हणाला, “हिला वरचा स्लॅब मिळत होता. नको म्हणाली.”

दादाने माझ्याकडे पाहिलं. “का ओ ताई? वरचा चांगला. वारा लागतो, डास नाय.”

“मला खालचाच बरा,” मी घुश्शात म्हटलं. “वरचा परवडत नाही.”

“किती मागतात?”

“पंधरा टक्के.”

“पंधरा?” दादाचा आवाज चढला. “कोन मागतो पंधरा? मला सांगा, मी बोलतो त्याच्याशी.”

“सरकार मागतंय.”

दादा विचारात पडला. मग एकदम त्याचा चेहरा उजळला. “सरकार? म्हंजी लॉटरीत घर लागला काय तुमाला?”

आता नवरा हसायला लागला आणि मी चिडले. चिडून मी पगार, बढती, तेरा लाख पंचावन्न हजार आणि दोन लाख तीन हजार, सगळं एका दमात सांगून टाकलं. परक्या माणसाला पगाराचा आकडा सांगू नये, हे मी शहाण्यासारखं दुसऱ्यांना सांगत असते. दादाने मात्र मध्ये न बोलता ऐकलं. ऐकून झाल्यावर तो हसला नाही, हे त्याचे उपकार.

“ताई,” तो म्हणाला, “तुमाला बिल्डरची सवय लागली हाय.”

त्याने विटेचा तुकडा उचलला आणि आमच्या भावी हॉलला लागून असलेल्या लिफ्टच्या काँक्रीटच्या भिंतीवर एक इमारत काढली. “ह्यो तळ. पार्किंग. चार लाखांपर्यंत. पार्किंगमदी कोन राहतो? कोन नाय. टॅक्स नाय. वर पयला माळा, चार ते आठ. पाच टक्के. पन कशावर? फकस्त ह्या माळ्यावरच्या चार लाखांवर. वीस हजार झाले. दुसरा माळा, आठ ते बारा. धा टक्के. चाळीस हजार. आनि ह्यो तिसरा, बारा ते सोळा. पंधरा टक्के. तुमचा सामान ह्या माळ्यावर किती चढला?”

“एक लाख पंचावन्न हजार,” मी म्हटलं.

“मंग पंधरा टक्के त्याच्यावर. आज आमी वरचा स्लॅब भरतो, तर खालच्या पार्किंगला परत सिमेंट भरतो काय?”

चौदा वर्षं मी मिश्रणातले घटक वेगळे करते. इथे सगळं मिश्रण एकाच बाटलीत ओतून मी त्यावर एकच लेबल लावलं होतं. पण मीही सहजी हार मानणाऱ्यांतली नाही.

“मग आता माझा कर शून्य कसा?” मी विचारलं. “या मजल्यांचे साठ हजार होतात ना? ते कुठे जातात?”

“बाराच्या आत हायत तवर सरकार ते साठ सोडून देतो. बाराच्या वर गेलात की सोडत नाय.”

“बघा!” मी जवळजवळ टाळी वाजवली. “म्हणजे एक रुपया वर गेला की साठ हजार! आमचे काका हेच म्हणत होते. गाडी अडली!”

दादाने भिंत सोडली आणि बाजूच्या टेकूवर हात आपटला. “ह्यो कशाला लावलाय?”

“स्लॅब खाली येऊ नये म्हणून.”

“ओला स्लॅब सोताचा वजन घेत नाय. घट झाला की टेकू काढायचा. तसाच तिथंपन टेकू हाय. बाराच्या वर हजार रुपये गेले, तर टॅक्स हजारच घेतात, साठ हजार नाय. धा हजार गेले तर धा हजार. पुढं बारा लाख सत्तर हजारांच्या जरा वर गेलात की टेकू निघाला, मंग सरळ हिशेब. तुमी तर त्याच्याबी वर हाय.”

“आणि सेस?”

“सेस येगळा, टॅक्सवर चार टक्के. तो लागनारच.”

मी त्याच्या हातातला विटेचा तुकडा घेतला. साठ हजार, अधिक एक लाख पंचावन्न हजारांचे पंधरा टक्के, म्हणजे तेवीस हजार दोनशे पन्नास. एकूण त्र्याऐंशी हजार दोनशे पन्नास. त्यावर सेस तीन हजार तीनशे तीस. शहाऐंशी हजार पाचशे ऐंशी. एक लाख सत्तर हजारांतून ते गेले तरी हातात त्र्याऐंशी हजार चारशे वीस राहत होते. वजाबाकी मी याही वेळी तीनदा केली आणि भिंतीचा तेवढा भाग लाल करून टाकला.

चूक कुठे झाली ते आता लख्ख दिसत होतं. बिल्डर प्रत्येक स्लॅबला एकूण किमतीवर टक्के घेतो. सरकार त्या त्या स्लॅबपुरतेच घेतं. मी बिल्डरचा नियम सरकारला लावला होता. बिल्डरपेक्षा सरकार मवाळ निघेल, असं पनवेल तालुक्यात कुणाच्या मनात तरी येईल का?

“तुम्हाला हे सगळं कसं माहीत?” नवऱ्याने दादाला विचारलं. त्याच्या आवाजात थोडी असूया होती.

“पयल्यांदा टॅक्स भरला तवा मलापन असाच वाटला, आख्खा पैसा जानार. तीन रात्री झोप नाय. मंग पनवेलला सीए हाय, त्याच्या हापिसात जाऊन बसलो. समजल्याशिवाय उठत नाय बोललो. त्यानं फी घेतली. मी नाय घेत. पेढा घेतो.” त्याने दुसरा पेढा घेतला.

नवरा खूश झाला. “संपलं मग! उद्या जा आणि हो म्हणून सांग.”

मीही खूश व्हायला हवं होतं. झाले नाही. आणि काय गंमत, माझ्या तोंडून भराभर नवीन कारणं यायला लागली. सेस आहेच की. पुढच्या वर्षी दर बदलले म्हणजे? साहेबांना संध्याकाळी थांबावं लागतं, मग माझी बस चुकणार. शिवाय मेल गेलेली आहे, आता बरं दिसणार नाही. नवरा तोंडात पेढा धरून माझ्याकडे बघत होता.

पलीकडे भिंतीला टेकून एक मजूर बाई बसली होती. आपटा गावाच्या बाजूच्या डोंगराकडच्या वाडीतून कामाला येणाऱ्यांतली. मिक्सर काही कारणाने बंद पडला होता म्हणून सगळे जरा टेकले होते. आमचा आरडाओरडा तिने ऐकला असणार, पण लाख आणि टक्के यातलं काही तिच्या उपयोगाचं नव्हतं. तिने दादाला विचारलं, “या बाईला काय झाला?”

“पगार वाढवून देतात तिला,” दादा म्हणाला. “नाय बोलते.”

ती माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता ही हसणार, किंवा डोक्यावर परिणाम झालाय का ते बघणार. तिने अगदी साधेपणाने, कामावरच्या बाईने कामावरच्या बाईला विचारावं तसं विचारलं, “का? काम जड हाय?”

‘नाही गं, टॅक्सचं होतं’ असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. आठवडाभरात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. नवऱ्याने नाही, काकांनी नाही. मीही स्वतःला नाही.

काम जड होतं. चौदा वर्षं मी साहेबांच्या मागे उभी राहून रिपोर्ट लिहिले होते. ‘हा माल जाणार नाही’ हे वाक्य माझं असायचं, पण सही त्यांची. दिवाळीच्या तोंडावर बॅच अडली की प्रॉडक्शनचे लोक चार-चार जण येऊन त्यांच्या टेबलाभोवती उभे राहायचे, आवाज चढायचे, ट्रक थांबलेत म्हणून सांगायचे. मी तेव्हा आत बाटल्या धुवायला जायचे. बाटल्या धुवायला वेगळा माणूस आहे. पुढच्या दिवाळीत ते सगळे माझ्या टेबलाभोवती येणार होते आणि आत जायला मला जागा उरणार नव्हती. मला भीती वाटत होती. नाचता येईना, तर मी अंगणाला पंधरा टक्के कर लावून मोकळी झाले होते. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी नवऱ्याकडे बघायचं टाळलं.

“हो,” मी त्या बाईला म्हटलं. “जड आहे.”

“मंग दोन खेपा करायच्या,” ती म्हणाली. मिक्सर सुरू झाला, तिने चुंबळ डोक्यावर ठेवली आणि घमेलं घ्यायला निघून गेली.

येताना रिक्षात नवरा कळंबोलीच्या जवळ आल्यावर म्हणाला, “मला सांगितलं असतंस तर?” मी म्हटलं, “मलाच माहीत नव्हतं.” त्याने माझा हात हातात घेतला आणि रिक्षावाल्याला सुटे पैसे आहेत का ते विचारलं.

सोमवारी मी थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेले. बस, पाऊसपाणी, तब्येत वगैरे प्रस्तावना घरून तयार करून नेली होती, ती दारातच विसरले. “सर, शुक्रवारची मेल मागे घ्यायची आहे. आधी मला टॅक्सची भीती वाटत होती. ती गेली. मग कळलं की मला तुमच्या कामाचीच भीती वाटते.”

साहेबांनी चष्मा काढला. “कशाची नेमकी?”

“प्रॉडक्शनवाले येऊन ओरडतात त्याची.”

“मलाही वाटते,” साहेब म्हणाले.

मला वाटलं, मला बरं वाटावं म्हणून म्हणतायत. “सर, तुम्ही तर कधी फोनवर वादसुद्धा घालत नाही. सगळं लेखी देता. सगळे म्हणतात, काय शिस्त आहे!”

“शिस्त कसली? फोनवर माझा आवाज कापतो,” साहेब म्हणाले. “म्हणून लिहून देतो.” आणि घाईने चष्मा लावून पुढे म्हणाले, “तुमची मेल मात्र मी शुक्रवारीच एचआरला पाठवली आहे. जा, पळा. उशीर झाला असेल तर मला काही करता येणार नाही.”

मी खरंच पळाले. या वयात, चपला घालून, दोन जिने. एचआरची मुलगी कॉम्प्युटरसमोर डबा उघडून बसली होती.

“माझा नकार पुढे गेला का गं?” मी धापा टाकत विचारलं.

“नाही ना मॅडम! मी तुम्हाला फोन करणारच होते. तुम्ही नुसतंच ‘वैयक्तिक’ लिहिलंय. सिस्टीमला त्यातलं नेमकं कारण लागतं. त्याशिवाय पुढे सरकत नाही, अडकून पडलंय.”

नोकरीच्या इतक्या वर्षांत त्या सिस्टीमला मी किती शिव्या दिल्या असतील! त्या दिवशी तिला हार घालावासा वाटला. “मग रद्द कर,” मी म्हटलं. “मला जागा हवी आहे.”

“करते. पण रद्द करायलाही कारण लागतं. आधी नाही का म्हणालात, ते टाकावं लागेल.” तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. यादी होती: आर्थिक, कौटुंबिक, आरोग्य, कामाचं ठिकाण.

“भीती वाटली असं लिही.”

तिने यादी वरखाली केली. “भीती नाहीये यात, मॅडम.”

“मग लोक काय लिहितात?”

“आर्थिक,” ती म्हणाली. “सगळे आर्थिकच टाकतात. त्यावर कुणी पुढे विचारत नाही.”

“टाक आर्थिक.”

तिने टाकलं. स्क्रीनवर हिरवी खूण उमटली आणि माझं नाव साहेबांच्या पदासमोर येऊन बसलं. मी आभार मानून वळले. दारापर्यंत गेले तरी मागून डब्याचा आवाज येईना, म्हणून मागे पाहिलं. तिचा हात माउसवर तसाच होता.

“मॅडम,” ती म्हणाली, “मागच्या वर्षी मला पुण्याच्या ऑफिसला बढती मिळत होती. मीपण आर्थिकच टाकलं होतं.”

प्रयोगशाळेत नऊ नमुने माझी वाट बघत होते. मी तिच्या समोरची खुर्ची ओढली आणि बसले.

“बोल,” मी म्हटलं.